सोबतीचा आकडा

आपल्याकडे बीपीची गोळी औषधात धरत नाहीत. डॉक्टर पाच दिवसांसाठी देतात आणि आपण तिसऱ्या दिवशी बंद करतो ते औषध. बीपीची गोळी चहासारखी असते, ती आयुष्यात असतेच. म्हणून इस्पितळाच्या दारात निळ्या कोटातल्या मुलीनं "काका, तुम्हाला काही औषधं चालू आहेत?" असं विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. उलट मला जरा अभिमानच वाटला.

आजारी मी नव्हतोच. आजारी होती हेमांगी, माझी बायको. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. तिच्या मते तो हरभऱ्याच्या उसळीचा दोष होता, म्हणजे पर्यायानं माझा, कारण उसळ मी केली होती. सकाळी ती उठलीच नाही. मी आपला चहा केला, पाव खाल्ला, आणि तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मग मात्र मी गाडी मागवली. दारातून बाहेर पडताना ती एका हातानं चौकट धरून वाकली आणि दुसऱ्या हातानं तिनं माझ्यापुढे गोळी धरली. माझी. बीपीची.

त्या दिवसाची गोळी मी आधीच पावाबरोबर घेतली होती. पण रोज ती हेमांगी देते. मागे एकदा विसरून माझ्याकडून दोनदा घेतली गेली आणि मी न्हाणीघरात आडवा झालो, भुवईला टाके पडले, तेव्हापासून गोळ्यांची डबी तिच्या ताब्यात आहे. आता दारात उभं राहून, "मी माझी घेतली," असं सांगितलं असतं तर कुणाला विचारून घेतली, कुठली घेतली, डबी कुठे ठेवली, असा विषय निघाला असता. बाहेर गाडी थांबली होती. मी गोळी गिळली. तिला बरं वाटलं आणि आम्ही निघालो.

महामार्गाच्या कडेला नव्यानं उभं राहिलेलं हे इस्पितळ साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं ते त्याच्या 'सोबती' यंत्रणेमुळे. तातडीच्या विभागात कुणाला आधी आत घ्यायचं हा जुना प्रश्न. पूर्वी तो ओळखीवर सुटायचा, नंतर आरडाओरडीवर. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं एका घरात राहिलेल्या दोन माणसांची शरीरं एकमेकांवर नजर ठेवून असतात. माणसांचं एकमेकांकडे लक्ष असेलच असं नाही, शरीरांचं असतं. एकाचा श्वास बदलला, अंगाचा वास बदलला, बोलण्यातला वेग किंचित उतरला, की दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम येतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. रोग्याच्या तपासणीत काही दिसायच्या कितीतरी आधी सोबतच्या माणसाच्या कातडीला कळलेलं असतं.

तेव्हा यंत्रणा रोग्याला तर तपासतेच, पण सोबतच्या माणसाच्या मनगटावरही एक पट्टी बांधते. ठोके, घाम, बोटांचा कंप, श्वास, सगळ्याचा मिळून शंभरपैकी एक आकडा निघतो. रोग्याची तपासणी लाल निघाली तर सरळ आत, हिरवी निघाली तर सरळ घरी. मधल्या पिवळ्यांचा क्रम या आकड्यावर लागतो, आणि आकडा नव्वदच्या वर गेला तर पिवळाही लाल धरतात. आणि आपल्याकडे बहुतेक सगळे पिवळेच असतात.

हेमांगी पिवळी निघाली. थोडा ताप, नाडी थोडी जास्त. मग त्या निळ्या कोटातल्या मुलीनं, तिचं नाव अन्विता, आम्हाला समोरासमोर बसवलं, माझ्या मनगटावर पट्टी बांधली आणि हेमांगीचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवला. सोबत जोडली गेली आहे की नाही ते पाहण्याची ही रीत. बायकोचा हात गारठला की नवऱ्याचा आकडा उसळतो, साधारण चाळीस-पन्नासवर जातो, मग पट्टी चालू. हेमांगीनं डोळे मिटून घेतले. माझा आकडा अकरावर गेला आणि तिथेच बसला.

अन्वितानं पट्टी काढून पुन्हा बांधली. अकरा.

"असू दे काका," ती म्हणाली, "काही जणांचं हळूहळू येतं."

हेमांगीनं हात पुसला. "अकरा म्हणजे पाससुद्धा नाही," ती म्हणाली.

नंतर आम्हाला दालनात नेऊन बसवलं. प्रत्येक रोग्याच्या डोक्यावर एक पडदा होता. त्यावर त्याचं नाव, त्याचा रंग आणि खाली सोबत्याचा आकडा. नियम अन्वितानं पाठ म्हणून दाखवले. सोबत्यानं दालन सोडायचं नाही, रोगी आत गेला तर पट्टीसकट त्याच्याबरोबर राहायचं. पट्टी दाराबाहेर गेली की रोगी 'निराधार' या यादीत जातो आणि ती यादी सर्वांत शेवटी बघतात. फोन जमा करायचा, कारण फोनवरच्या काळज्या आकड्यात मिसळतात. चहा-कॉफी बंद, त्यानं ठोके वाढतात. जिन्यावर पळून येऊन आकडा वाढवायचा प्रयत्न केला तर पट्टीला ते कळतं. सोबती बदलता येतो, पण रोग्याबरोबर निदान काही वर्षं राहिलेला हवा. आमची मुलगी ऋजुता गेली सहा वर्षं नॉर्वेत मासे मोजते. राहता राहिलो मी.

दालनाची दारं काचेची होती. बाहेर झाडाखाली चहाची गाडी स्वच्छ दिसत होती. मला वाटतं ती मुद्दाम दिसेल अशी ठेवली होती.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी तक्रार निवारण अधिकारी होतो. आयुष्यभर लोक माझ्या टेबलासमोर रिकाम्या घागरी आपटत आले आणि मी त्यांना बसा म्हणत आलो. चेहरा न हलवता बसणं हीच माझी विद्या. तिच्यामुळे मला तीन बढत्या मिळाल्या आणि रक्तदाब. त्या दालनात मात्र ही विद्या म्हणजे अडाणीपणा होता.

आमच्या शेजारी कोरेगावचं एक नवं जोडपं होतं. बायकोला गांधीलमाशी चावली होती, मनगट सुजलं होतं, बाकी ती मजेत होती. नवरा मात्र, त्याचं नाव शार्दूल, पांढराफटक पडून पाय हलवत होता. त्याचा आकडा ब्याऐंशी. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांना आत बोलावलं. जाताना त्यानं आमच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एखाद्याच्या घरात कुलूपबंद खोली दिसावी तशी त्याची नजर झाली.

मग पाय मुरगळलेला मुलगा आणि त्याची आई आत गेली. मग एक आजोबा गेले, ज्यांच्या सुनेला ते गेल्यावरच्या वाटणीची धास्ती होती असं त्या स्वतःच कुणाला तरी सांगत होत्या. यंत्राला धास्ती कळते, कशाची ते कळत नाही. आमच्यामागून आलेले पुढे गेले, त्यांच्यामागून आलेलेही गेले. आमची ओळ तेवढी स्थिर होती, माझ्यासारखीच.

हेमांगी खुर्चीत वाकून बसली होती. दुखायचं तेव्हा ती माझ्या बाहीचं टोक मुठीत धरायची आणि सोडायची. मी तिला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, उसळीबद्दल माफीही मागून झाली. प्रत्येक वेळी तिची नजर आधी माझ्याकडे आणि मग वर पडद्याकडे जायची. अकरा. नवऱ्याच्या डोक्यावर त्याच्या मनातलं छापून लावलं असेल तर बायको कशाला त्याच्या तोंडाकडे बघेल?

"अहो, खरं सांगा," ती एकदा म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "कंटाळा आलाय का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. पडदा अकराच म्हणत होता. गेली अनेक वर्षं आमच्यात वाद झाला की शेवटचा शब्द तिचा असायचा. आता आमच्यात तिसरा कुणी आला होता आणि तिचा त्याच्यावर विश्वास बसू लागला होता.

खरं सांगायचं तर माझाही बसू लागला होता. मी घाबरलो होतो, म्हणजे मला वाटत होतं की मी घाबरलो आहे. पण घाबरल्यावर जे व्हायला हवं त्यातलं काहीच होत नव्हतं. छातीत धडधड नाही, तळहात कोरडे, बोटं गार आणि स्थिर. मी मनगट चाचपलं. नाडी देवळातल्या दुपारच्या टाळासारखी, निवांत, दोन ठोक्यांत भरपूर जागा सोडून चालली होती. मनात आलं, कदाचित हे यंत्र बरोबर असेल. कदाचित इतकी वर्षं मी ज्याला जीव लावणं समजत होतो ती नुसती सवय असेल, वर्तमानपत्राची असते तशी.

आणि मग मला ती गोळी आठवली.

ती लिहून देताना आमच्या डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं होतं की या जातीच्या गोळीला बीटा ब्लॉकर म्हणतात. भीती वाटली की अंगात अॅड्रेनलिन सुटतं आणि हृदयाच्या दारावर जाऊन धडका मारतं. ही गोळी त्या दाराला आतून कडी घालते. काही गवई मैफलीआधी तीच घेतात, म्हणजे आवाज आणि हात कापत नाहीत. भीती असतेच, फक्त हृदयापर्यंत तिची वर्दी पोचत नाही. आणि मी आज एकाच्या जागी दोन कड्या घालून आलो होतो.

मला इतका आनंद झाला की दुसऱ्या कुणाचा आकडा तेवढ्यानं वाढला असता. मी अन्विताला गाठून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. चांगली मुलगी होती. माझ्या टेबलामागे मी बसायचो अगदी तशीच बसली होती.

"पण काका, तुम्ही औषध नाही म्हणालात."

मी म्हणालो, औषध नाहीच ते, बीपीची गोळी आहे.

तिनं समजल्यासारखी मान हलवली. तिच्या म्हणण्याप्रमाणे गोळीची नोंद आता करता येत होती, पण मग गोळीचा अंमल उतरल्यावर पुन्हा बर्फाच्या पाण्याची चाचणी घ्यावी लागणार, म्हणजे उद्या-परवा. तोपर्यंत सोबती अवैध, आणि सोबती अवैध म्हणजे रोगी निराधार. तेव्हा अकरा आहे तेच बरं, असं तिनं मला आपुलकीनं सुचवलं. डॉक्टरांना बोलावता येईल का, असं मी विचारलं. डॉक्टर आतल्या रोग्यांसाठी होते. आतला रोगी कसा होतात? आकड्यानं.

मी "बरं" म्हणून परत आलो. रिकामी घागर घेऊन परत जाणाऱ्यांच्या पाठी मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. माझी पाठ तेव्हा कशी दिसत असेल याची मला चांगलीच कल्पना होती.

हेमांगी ताठ बसली होती. "आता बरंय," ती म्हणाली. "एकदम थांबलं बघा दुखायचं."

तिच्या डोक्यावरचा पिवळा रंग जरा फिका झाला होता. यंत्रालाही बरं वाटलं होतं. मी शेजारी बसलो. समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा रोग्यांच्या करमणुकीसाठी होता आणि त्यावर एक हसरी बाई पुरणपोळी करत होती. तिनं शिजलेली डाळ घेतली आणि कट न काढता, पाण्यासकट, तिच्यात गूळ ओतला.

हेमांगी बघत होती. काही बोलली नाही.

मी वाट पाहिली. बाईनं ते पातळ पुरण हलवलं आणि म्हणाली, आहे की नाही सोपं? हेमांगीच्या माहेरी पुरण सैल झालं म्हणून एक सोयरीक मोडल्याची गोष्ट सांगतात. घरी असती तर ती उठून पडद्याजवळ गेली असती. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, पापण्या अर्ध्या मिटून, ओठ कोरडे, आणि माझी बाही तिनं सोडून दिली होती.

तेव्हा मला कळलं की हिचं दुखायचं थांबलेलं नाही, आत काहीतरी फुटलं आहे. कसं कळलं ते मला कुठल्याच डॉक्टरपुढे मांडता आलं नसतं. कट काढला नाही तरी बायको गप्प बसली, हे लक्षण कुठल्या रकान्यात बसवणार? माझी नाडी संथ चालली होती. दार काचेचं होतं, चहाची गाडी दिसत होती, आणि आत जायचा रस्ता माझ्या छातीतून जात होता, तिथे कडी होती.

मी हिशोब मांडून पाहिला. माझं शरीर तिच्यासाठी बोलणार नव्हतं. पण तिचं शरीर माझ्यासाठी बोललं असतं, ते गप्प बसवणारी गोळी अजून बाजारात यायची होती.

दालनाच्या कोपऱ्यात नोंदणीचं यंत्र होतं. मी त्यावर रोगी म्हणून माझं नाव घातलं: प्रसन्न खटावकर. तक्रार: गोळी दोनदा घेतली. यंत्रानं माझी नाडी पाहिली आणि मला पिवळा रंग दिला. सोबती: पत्नी. एकाच वेळी एक माणूस रोगीही असेल आणि दुसऱ्याचा सोबतीही, याला यंत्रानं हरकत घेतली नाही. ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात ही शक्यता आली नसावी. बहुतेक अविवाहित असतील. यंत्रातून नवी पट्टी बाहेर आली. ती मी हेमांगीच्या मनगटावर बांधली आणि यंत्राशेजारून उचलून आणलेल्या भांड्यातल्या बर्फाच्या पाण्यात स्वतःचा हात घातला.

"अहो, काय करताय," ती क्षीण आवाजात म्हणाली. "सांधे धरतील."

माझ्या खुर्चीवर उजळलेल्या नव्या पडद्यावर, माझ्या नावाखाली, आकडा सत्तरवर गेला. तिची नाडी आजारानं आधीच चढलेली होती, ती वजा जाऊन सत्तर.

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते खरं होतं, ही त्यातली सोय. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जिभेवर येईना. जिच्या पोटात काहीतरी फुटलं आहे अशा बाईला मी मुद्दाम घाबरवणार होतो. तिचं हृदय आधीच धावत होतं. त्याला मी आणखी पळवणार होतो. आणि दुसरा काही मार्ग असता तर तो मला सुचायला हवा होता, इतका वेळ तिथे कोंडून घालवल्यावर.

"हेमा," मी म्हणालो, "आज माझी गोळी दोनदा झाली."

तिनं मान वळवली. "दोनदा म्हणजे?"

"पावाबरोबर घेतली होती. मग दारात तू दिलीस."

"मग सांगायचं नाही?"

"गाडी थांबली होती."

"चक्कर येतेय?" ती म्हणाली. "इकडे बघा माझ्याकडे. चक्कर येतेय का?" असं म्हणत ती मला धरायला उठू लागली. तिला उठता आलं नाही. तिचा हात हवेत माझ्या भुवईकडे, त्या जुन्या टाक्यांकडे आला.

माझ्या डोक्यावरचा पडदा लाल झाला. शहाण्णव. कुठेतरी घंटा वाजली, दार उघडलं, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली आणि त्यांनी मला उचलून आडवं केलं. मी विरोध केला नाही. फक्त एवढंच म्हणालो की सोबत्याची पट्टी रोग्यापासून लांब जाता कामा नये, तुमचा नियम आहे. ते थबकले. मग एकानं हेमांगीला चाकाच्या खुर्चीत बसवून माझ्यामागे ढकलत आणलं. नियम माझ्या बाजूनं वागल्याची माझ्या नोकरीसकट ही पहिलीच वेळ.

आत डॉक्टर इनामदार नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या छातीवर काहीबाही चिकटवायला घेतलं. मी त्यांचा हात धरला.

"मला काही झालेलं नाही. आधी हिचं पोट बघा," मी म्हणालो. "आणि हिला सांगा की मी मरत नाही. तुम्ही सांगितलंत तर विश्वास बसेल."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण वळल्या. हेमांगीच्या पोटावर बोटं ठेवली, दाबली, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पोट पोळपाटासारखं कडक झालं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. ते फुटलं की काही वेळ दुखायचं थांबतं, माणसाला वाटतं सुटलो. त्यांनी दोन शब्दांत काहीतरी फर्मावलं आणि सगळी खोली हेमांगीभोवती गोळा झाली. तिला नेताना ती डॉक्टरांना सांगत होती की यांना एकट्यानं न्हाणीघरात जाऊ देऊ नका.

मी तिथेच पलंगावर उरलो. माझा सोबती शस्त्रक्रियेला गेल्यामुळे माझ्या पडद्यावर 'निराधार' असं आलं. माझ्याबद्दल त्या दिवशी यंत्राकडून निघालेलं ते पहिलं बरोबर विधान.

हेमांगी वाचली. आणखी उशीर झाला असता तर, असं डॉक्टर इनामदार म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

ती उठून बसू लागली तेव्हा एका सकाळी अन्विता वॉर्डात आली. तिच्या हातात पट्टी आणि बर्फाचं भांडं होतं. झाल्या प्रकारावर वर चर्चा झाली होती आणि माझ्या अकराची नोंद सुधारावी असं ठरलं होतं. आज मी गोळी घेतली नाही आणि संध्याकाळपर्यंत थांबलो तर नव्यानं चाचणी घेता येईल. डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"खरा आकडा कळेल, काका," ती म्हणाली.

मला तो हवा होता. किती हवा होता ते मी कुणाला सांगणार नाही. चाळीस आला असता तरी मी तो चौकटीत लावला असता. मी बाही वर सारली.

हेमांगीनं उशाखालून डबी काढली, तीतून गोळी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"काकू, गोळी घेतली तर पुन्हा अकराच येईल," अन्विता म्हणाली.

"येऊ दे."

"पण मग कळणार कसं?"

"कुणाला?" हेमांगीनं विचारलं. हेमांगीनं दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "सकाळपासून ही पहिलीच ना? नक्की?"

मी नक्की म्हणालो आणि गोळी गिळली. अन्विता भांडं घेऊन गेली. बर्फ तसाही वितळत आला होता.

समोरच्या पडद्यावर तीच हसरी बाई पुन्हा लागली होती. डाळ शिजली, गूळ आला. हेमांगी जरा पुढे सरकली, टाक्यांवर हात दाबून धरला, आणि म्हणाली, "अगं बये, कट कोण काढणार? तुझी सासू?"

पलीकडच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. मी खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ चहाची गाडी बघत राहिलो. मग सवयीनं मनगट चाचपून पाहिलं. ठोके संथ चालले होते. नाडीला यातलं काहीच कळलं नव्हतं.